से कॅथेड्रलचा दुसरा मनोरा पुन्हा का बांधला नाही?

पाऊलवाट

गेल्या महिन्यात वडिलांसोबत जुन्या गोव्याला जाणे झाले. यापूर्वी तीनदा गोव्यात गेलो होतो, पण प्रत्येक वेळी बॉम जेझूच्या बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पेटीकडे मान वर करून पाहायचे आणि गाडीत येऊन बसायचे, यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. या वेळी वडिलांनी हट्ट धरला, की रस्ता ओलांडून समोरचे मोठे चर्च नीट पाहायचेच. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत आणि भिंतीची जाडी वितीने मोजल्याशिवाय ते कोणत्याही जुन्या इमारतीतून बाहेर पडत नाहीत.

से कॅथेड्रलच्या समोरच्या हिरवळीवर उभे राहिले की डोळ्यांना पहिल्यांदा काही तरी चुकल्यासारखे वाटते. डावीकडे घंटेचा चौकोनी मनोरा आहे आणि उजवीकडे, जिथे त्याचा जोडीदार असायला हवा, तिथे नुसते आकाश आहे. उत्तरेकडचा हा मनोरा १७७६ मध्ये वीज पडून कोसळला, असे तिथे कळले. आमच्यासोबतच्या वाटाड्याने "देवाची इच्छा" एवढे सांगून विषय संपवला. शिवाय उरलेल्या मनोऱ्यातील घंटा शुद्ध सोन्याची आहे, अशीही माहिती त्याने न विचारता दिली.

वडिलांचे मात्र समाधान झाले नाही. ज्यांनी सुमारे २५० फूट लांब आणि १८१ फूट रुंद इमारत उभी केली, त्यांना एक मनोरा पुन्हा बांधता येऊ नये, हे त्यांच्या हिशेबात बसेना. परतीच्या संपूर्ण प्रवासात आम्ही त्यावरच बोलत होतो. तर जाणकारांना दोन प्रश्न विचारतो. हा मनोरा अडीचशे वर्षे तसाच का राहिला? आणि माझ्यासारख्या, ख्रिस्ती धर्माची फारशी ओळख नसलेल्या माणसाने अशी वास्तू पाहताना नेमके काय पाहावे?

मांडवीकाठ

मी पलीकडच्या दिवाडी बेटावरचा. मांडवीची फेरी पकडली की समोर हा एकटा मनोरा दिसतो, त्यामुळे तो जोडीने कसा दिसत असेल याची कल्पनासुद्धा आम्हाला करता येत नाही.

आधी घंटेचे. ती सोन्याची नाही. पोर्तुगीजांनी तिला "सोन्याची घंटा" म्हटले ते तिच्या भरदार नादामुळे. ती १६५२ मध्ये कुंकळ्ळीला ओतली गेली आणि गोव्यातील सर्वांत मोठी घंटा म्हणून ओळखली जाते.

इमारतीचा कालक्रम असा आहे. बांधकाम १५६२ मध्ये, राजा सेबास्तियांव याच्या कारकिर्दीत सुरू झाले. मुख्य बांधकाम १६१९ मध्ये संपले, विधिवत अर्पण १६४० मध्ये झाले आणि वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. एवढ्या काळात सेबास्तियांव मोरोक्कोतील लढाईत मारला गेला (१५७८), पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेले आणि १६४० च्या डिसेंबरमध्ये पोर्तुगाल पुन्हा स्वतंत्रही झाले. म्हणजे ही वास्तू एका राजाने सुरू केली, दुसऱ्या घराण्याने पुढे नेली आणि तिसऱ्याच्या पदरात पडली.

शब्दवेडा

"से" म्हणजे काय, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हते, म्हणून इथे लिहून ठेवतो. हा पोर्तुगीज शब्द लॅटिनमधील "सेदेस" म्हणजे आसन या शब्दापासून आला आहे. "कॅथेड्रल" हा शब्दही बिशपच्या आसनासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. म्हणजे "से कॅथेड्रल" म्हणणे हे जवळजवळ "गाईचे गोमूत्र" म्हणण्यासारखे आहे. चर्च कितीही भव्य असले तरी बिशपचे आसन तिथे नसेल तर ते कॅथेड्रल होत नाही, आणि लहानशा चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, आसन असेल तर ते कॅथेड्रल ठरते.

गोव्यात नेमके तसेच घडले होते. १५३४ मध्ये पोपने गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा दिला, तेव्हा जवळच असलेले संत कॅथरीनचे छोटे चॅपेल कॅथेड्रल झाले. ते आजही से कॅथेड्रलच्या पश्चिमेला उभे आहे आणि तिथे सहसा चिटपाखरू नसते.

अर्धवट_इतिहासकार

पाऊलवाट, तुमच्या वडिलांना आमच्या सोसायटीच्या पुनर्बांधणी समितीवर घेता येईल का? आमच्याकडे दोन्ही मनोरे पडायच्या बेतात आहेत आणि वाटाड्याप्रमाणेच आमचे सचिवही "देवाची इच्छा" एवढेच म्हणतात.

गंभीर उत्तर जाणकारांनी द्यावे. माझा फक्त एक उपप्रश्न आहे: गोव्यात सगळे झेवियरमय असताना मुख्य कॅथेड्रल संत कॅथरीनच्या नावाने कसे?

वसईची_वाट

मी वसईचा कॅथलिक आहे. आमच्या घरात प्रार्थना मराठीतच होते, त्यामुळे या धाग्यावर लिहिण्याचा मोह आवरला नाही.

संत कॅथरीनचे उत्तर तारखेत आहे. आफोन्सो द आल्बुकेर्क याने आदिलशाहीकडून गोवे शेवटचे जिंकून घेतले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आणि २५ नोव्हेंबर हा अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचा सण. झेवियर तेव्हा अवघा चार वर्षांचा होता; तो गोव्यात आला १५४२ मध्ये आणि त्याला संतपद मिळाले १६२२ मध्ये. तोवर या इमारतीचा मुख्य भाग बांधून झालेला होता.

आता मूळ दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. आत गेल्यावर मधल्या मार्गाने सरळ मुख्य वेदीपर्यंत जा आणि सोनेरी मुलाम्याच्या त्या उत्तुंग लाकडी कोरीवकामासमोर निदान दहा मिनिटे बसा. दुरून ते सोनेरी झगमगाटासारखे वाटते. जवळ गेल्यावर त्यातील चौकटी वाचता येतात, जशा एखाद्या मंदिराच्या भिंतीवरील रामायणाच्या पट्ट्या वाचता येतात. कॅथरीनची कथा अशी सांगतात, की सम्राटाने तिच्याशी वादविवाद करण्यासाठी पन्नास पंडित बोलावले आणि ते सारे हरले. मग तिला खिळ्यांच्या चाकावर मारण्याचे ठरले, पण तिच्या स्पर्शाने चाकच मोडले. शेवटी तिचा शिरच्छेद करण्यात आला. चाक दिसले की ती संत कॅथरीन, एवढी खूण लक्षात ठेवली तरी जगातल्या कोणत्याही चर्चमध्ये तिला ओळखता येते. आपण नाही का सुदर्शनचक्र पाहून विष्णू ओळखत?

शिवाय दोन गोष्टी चुकवू नका. एक म्हणजे १५३२ सालचे दगडी बाप्तिस्माकुंड. झेवियरने ते वापरले, अशी परंपरा आहे. दुसरी म्हणजे चमत्कारांच्या क्रूसाचे चॅपेल. १६१९ मध्ये या क्रूसावर येशूचे दर्शन घडल्याची श्रद्धा आहे आणि हा क्रूस हळूहळू वाढतो, असेही भाविक मानतात. पाऊलवाट यांच्या वडिलांनी तो मोजला असल्यास आकडा कळवावा.

पाऊलवाट

वडिलांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, वाढ मोजायची तर एका मापाने भागत नाही, दोन मापे लागतात. म्हणजे पुन्हा जावे लागेल. मी यात अडकत चाललो आहे.

जांभ्याचा_चिरा

मी वास्तुसंवर्धनाशी संबंधित काम करतो, म्हणून दगडाविषयी लिहितो.

जुन्या गोव्यातील बहुतेक वास्तूंप्रमाणे हीसुद्धा जांभ्याची आहे आणि वरून चुन्याचा गिलावा आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कठीण होतो; पण तो सच्छिद्र असल्याने कोकणातल्या पावसापुढे उघडा टिकत नाही. म्हणून गिलावा हा दागिना नसून कातडी आहे. दर एक-दोन पावसाळ्यांनंतर ती दुरुस्त करावी लागते आणि त्यासाठी माणसे, चुना व पैसा यांचा अखंड पुरवठा हवा. रस्त्यापलीकडच्या बॉम जेझूवरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकण्यात आला, कारण उघडा तांबडा दगड अधिक "जुना" दिसतो असे तेव्हा वाटले. आज पर्यटकांना तोच रंग मोहात पाडतो आणि त्या दगडाची झीज पाहून आमच्यासारख्यांचा जीव वरखाली होतो.

आणखी एक साधी गोष्ट. से कॅथेड्रलचे तोंड पूर्वेला आहे. दर्शनी भाग पाहायचा असेल तर सकाळी जावे. दुपारनंतर तो सावलीत जातो आणि तुम्ही सूर्याकडे तोंड करून डोळे किलकिले करत उभे राहता. बाहेरची शैली साधी, टस्कन धर्तीची आहे. आत मात्र कोरिंथियन स्तंभ, दोन्ही बाजूंना चार-चार चॅपेल आणि वर अर्धगोल कमानीचे छत. बाहेर शिस्त आणि आत वैभव, असा हा मामला आहे.

मनोऱ्याबद्दल माझा अंदाज असा, की प्रश्न तंत्राचा नव्हता. ज्या गावात गिलावा करायलाही माणसे उरली नाहीत, तिथे मनोरा कोण बांधणार?

कुळागर

इतका वेळ वाचत होतो, पण आता लिहिणे भाग आहे. माझी कुलदेवता शांतादुर्गा. तिचे मूळ स्थान सासष्टीतील केळशी येथे होते आणि सोळाव्या शतकात तिला जुवारी ओलांडून कवळ्याला आणावे लागले. मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला न्यावे लागले. ज्या दशकात या कॅथेड्रलचा पाया खणला जात होता, त्याच दशकात आमचे पूर्वज रात्रीच्या अंधारात देव घेऊन नदी ओलांडत होते. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चची धर्मन्यायसभा, आले, १५६२ मध्ये हे बांधकाम सुरू झाले. धर्मन्यायसभेचा वाडा याच चौकात होता आणि आरोपींच्या शिक्षेच्या जाहीर सोहळ्याच्या दिवशी याच चर्चची मोठी घंटा वाजत असे, असे सांगतात. त्या घंटेचा "भरदार नाद" वाचून मला आनंद होत नाही. सौंदर्यावर बोलायला माझी हरकत नाही, पण हे सांगितल्याशिवाय बोलणे अर्धवट राहते.

मांडवीकाठ

कुळागर, तुमचे म्हणणे मला मान्य आहे, आणि मी हे एक कॅथलिक म्हणून लिहितो. माझ्या घराण्याचे जुने आडनाव काय होते, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या बेटावर सप्तकोटेश्वराचे देऊळ होते. ते पाडले गेल्यावर देव पलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला. दिवाडीची कोणतीही म्हातारी, मग ती मिस्साला जाणारी असो की देवळात, हे सांगू शकते.

माझी विनंती एवढीच आहे, की ही इमारत फक्त पोर्तुगीजांची समजू नका. जांभा इथला, चुना इथला, आणि तो मुलाम्याचा लाकूडकामाचा डोंगर कोरणारे हातही बऱ्याच अंशी इथल्याच कारागिरांचे. तुम्ही उल्लेखिलेली घंटा ज्या कुंकळ्ळीत ओतली गेली, त्याच कुंकळ्ळीत १५८३ मध्ये गावकऱ्यांनी देवळे पाडण्याविरुद्ध उठाव केला होता. पाच जेझुइट (झेवियरच्याच धर्मसंघाचे लोक) मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी आसोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. सत्तर वर्षांनंतर त्याच गावात ही घंटा ओतली गेली. ओतणाऱ्यांच्या घरी ती आठवण असेलच. तिचा नाद ऐकताना मला हे दोन्ही ऐकू येते.

कुळागर

कुंकळ्ळीचा हा धागा माझ्या लक्षात आला नव्हता. आभारी आहे. मतभेद कायम, पण पुढच्या खेपेस आत जाईन म्हणतो. आजवर बाहेरूनच परतत आलो आहे.

गडवाट

घंटांचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडची बाजूही येऊ द्या. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चमधील घंटा सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना अर्पण केल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा त्यांतलीच, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरलाही तशी घंटा आहे. म्हणजे ज्या घंटांनी मिस्साची वेळ सांगितली, त्याच पुढे आरतीची वेळ सांगू लागल्या. घंटेला धर्म नसतो, टोला देणाऱ्याला असतो.

वसईची_वाट

आणि वसईच्या किल्ल्यात गेलात तर संत जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा दिसेल, घंटा मात्र नाही. गोव्यात घंटा आहे आणि मनोरा एक कमी. दोन्हीकडचे सामान एकत्र केले तर एक कॅथेड्रल पूर्ण होईल.

गडवाट

हे आवडले! पण मनोऱ्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, संभाजी महाराजांपर्यंत मागे जाते. नोव्हेंबर १६८३ मध्ये त्यांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुवे ते जुने गोवे हे अंतर नकाशावर पाहा. राजधानीच्या दारातच मराठी फौज उभी होती. व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड तिच्यात ठेवला आणि संताला गोव्याचे रक्षण करण्याची विनंती केली, हे प्रसिद्धच आहे. पुढे शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरल्याने महाराजांना माघारी वळावे लागले.

महत्त्वाचे आहे ते पुढचे. या हल्ल्याने हादरलेल्या व्हाइसरॉयने राजधानी मुरगावला हलवण्याचा निर्णय घेतला आणि तिथे बांधकामही सुरू करवले. ती योजना तडीस गेली नाही, पण हे शहर सोडायचे आहे, असे खुद्द सरकारच म्हणू लागल्यावर तिथे नवे घर कोण बांधणार? म्हणून मी म्हणतो, मनोरा वीज पडून १७७६ मध्ये कोसळला असेल, पण त्याचा पाया १६८३ मध्येच खिळखिळा झाला होता.

जांभ्याचा_चिरा

गडवाट, वाक्य झकास आहे, पण सारे श्रेय स्वारीला देऊ नका. शहर त्याआधीपासूनच आजारी होते आणि हे शब्दशः आजारीच. सच्छिद्र जमिनीवर दाट वस्ती, सांडपाण्याची सोय नाही, आणि तेच पाणी झिरपून विहिरींत. पटकी आणि हिवताप यांच्या साथी पुनःपुन्हा येत राहिल्या. डचांनी सतराव्या शतकात व्यापाराचे मार्ग तोडले, मांडवीत गाळ साचला. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या वाटेवरील पाणेलीला राहायला गेले आणि १७५९ मध्ये पणजीला. राजधानीचा अधिकृत दर्जा पणजीला १८४३ मध्ये मिळाला, तो केवळ कागदाचा उशीर. मनोरा कोसळला तेव्हा व्हाइसरॉयला जाऊन सतरा वर्षे झाली होती.

लिस्बनस्थित

कामानिमित्त काही वर्षे लिस्बनला आहे, म्हणून राजाच्या बाजूने उत्तर देतो.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. शहर कोसळले, जळाले, समुद्राच्या लाटांत बुडाले. त्यानंतरची दोन दशके सत्ता होती पोंबाल या मंत्र्याच्या हाती आणि त्याचे सारे लक्ष राजधानी उभारण्यावर होते. इथल्या कार्मो मठाच्या चर्चला तेव्हापासून छप्पर नाही. नुसत्या कमानी आकाशाखाली उभ्या आहेत. खुद्द राजधानीत ही अवस्था, तर समुद्रापारच्या ओस शहरातील मनोऱ्याची चिंता कोणाला असणार, असे कोणीही म्हणेल.

पण इथे एक गंमत आहे. जुने गोवे पुन्हा वसवावे असा ध्यास याच पोंबालने घेतला होता. १७७४ मध्ये गोव्याला ज्या सूचना गेल्या, त्यांत जुन्या शहराची पुनर्उभारणी होती. रस्ते साफ करायला, पडकी घरे उपसायला मजूर लावले गेले आणि ते मजूर रोगराईने मरू लागले. त्याच पोंबालने त्याच वर्षी गोव्यातील इन्क्विझिशनही बंद केले. १७७६ मध्ये मनोरा पडला. फेब्रुवारी १७७७ मध्ये राजा जोझे वारला, पोंबालची सत्ता गेली, आणि १७७८ मध्ये इन्क्विझिशन पुन्हा सुरू झाले ते १८१२ पर्यंत चालले.

थोडक्यात, जुन्या गोव्याचे भले करू पाहणारा लिस्बनमधील एकमेव बलवान माणूस आणि हा मनोरा, दोघेही वर्षभराच्या आत पडले. जुन्या गोव्यातील मठांत राहणाऱ्या साधूंनी पुढे मनोरा बांधला असता असे म्हणावे, तर १७५९ नंतर जेझुइटांना हाकलले होते आणि १८३५ मध्ये उरलेल्या धर्मसंघांचेही मठ बंद झाले.

अर्धवट_इतिहासकार

म्हणजे मनोरा पडला आणि पाठोपाठ मंत्रीही पडला. आमच्या सोसायटीत मनोरे पडायच्या बेतात आहेत, पण सचिव काही पडत नाहीत.

शब्दवेडा

लिस्बनस्थित यांच्या प्रतिसादातील १८३५ या सालावर थोडे थांबावे असे वाटते, कारण त्या सालानंतरच खरी पडझड झाली. मठ रिकामे झाले आणि रिकाम्या इमारतींचे दगड पणजीच्या बांधकामांसाठी वाहून नेले गेले. टेकडीवरच्या संत ऑगस्टीनच्या चर्चचा मनोरा आज ४६ मीटर उंच एकटाच उभा आहे. त्याचा दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा १९३१ मध्ये कोसळला. त्या अवशेषांतच पुरातत्त्व खात्याला जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियाला भेट देण्यात आल्या.

से कॅथेड्रल मात्र वाचले, ते कशामुळे? माझ्या पहिल्या प्रतिसादाकडे परत येतो: आसनामुळे. मठ संघांचे होते, संघ गेले तशा वास्तू गेल्या. कॅथेड्रल आर्चबिशपचे होते आणि ते पद गेले नाही. एकेकाळी आफ्रिकेच्या टोकापासून चीन-जपानपर्यंत ज्याचे धर्मक्षेत्र होते, त्या पदाला १८८६ मध्ये "ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क" ही पदवीही मिळाली. आसन होते म्हणून छप्पर राहिले. मनोऱ्यावाचून आसनाचे काही अडत नव्हते.

चाफेकळी

इतक्या विद्वत्तेत एक साधा अनुभव. डिसेंबर २०१४ मध्ये शवदर्शनाच्या वेळी मी सासूबाईंना घेऊन गेले होते. दर दहा वर्षांनी झेवियरचे अवशेष बॉम जेझूमधून रस्त्यापलीकडे से कॅथेड्रलमध्ये आणून ठेवतात, हे मला तिथे गेल्यावरच कळले. रांगेत आमच्या पुढे मडगावच्या एक आजी होत्या. त्या "गोंयचो सायब" असा उल्लेख इतक्या घरगुतीपणे करत होत्या, की सासूबाईंनी न राहवून त्यांना आमच्या गावच्या ग्रामदेवतेची गोष्ट सांगितली. दोन तासांची रांग दोघींनी नवसांची तुलना करण्यात घालवली. त्या दिवशी चर्च पूर्ण भरले होते आणि तेव्हाच मला त्याचा आकार कळला. एरवी रिकामे असताना ते मोठे वाटते. भरल्यावर ते नेमके तेवढेच वाटते, जेवढे असायला हवे.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी मध्येच थांबवून दोनदा "पुन्हा वाच" असे सांगितले: कुंकळ्ळीच्या घंटेला आणि पोंबालच्या मजुरांना. धरणाच्या कामावर हिवतापाने माणसे गेलेली त्यांनी पाहिली आहेत. त्यावर ते काही बोलले नाहीत.

त्यांचे म्हणणे आता असे आहे, की प्रश्नच चुकीचा विचारला होता. मनोरा का बांधला नाही, हे विचारण्याऐवजी उरलेली इमारत अडीचशे पावसाळे कोणी सांभाळली, हे विचारायला हवे होते. त्यांच्या मते ते काम मनोरा बांधण्यापेक्षा अवघड आहे आणि त्याची नोंद कोणत्याही फलकावर नाही.

फेब्रुवारीत पुन्हा जात आहोत. सकाळी आठ वाजता हिरवळीवर हजर राहण्याचा बेत आहे, नंतर संत कॅथरीनचे जुने चॅपेल, आणि वेळ उरला तर दिवाडीची फेरी. टेप वडिलांनी आताच पिशवीत टाकली आहे.

मांडवीकाठ

फेरीतून उतरलात की मला निरोप पाठवा, धक्क्यावर घ्यायला येतो. क्रूसाचे माप घेण्यापूर्वी मात्र तिथल्या पाद्रींना विचारा. ते नाही म्हणाले तर वडिलांना वितीवर समाधान मानावे लागेल.